उष्णतेचा हिशेब: ट्रॅक डेसाठी गाडी आणि चालक यांची तयारी

(पुण्यात मोटारप्रेमी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. तिथे जायचं ठरलं की लोक पहिला फोन करतात तो ताकद वाढवण्यासाठी. रिमॅप करू का, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदलू का, एक्झॉस्ट बदलू का, फिल्टर कुठला टाकू? मी पुण्यात गाड्या तयार करून देतो आणि ट्रॅकवर नवख्यांच्या शेजारी बसून शिकवतो, त्यामुळे हे फोन मला सारखे येतात. माझं उत्तर ठरलेलं असतं. ताकद आहे तेवढी पुरे. पहिल्या दिवशी तुम्हाला जेवढी वापरता येईल त्याहून अधिक ताकद गाडीत कारखान्यातूनच आलेली आहे. खर्च करायचाच असेल तर उष्णता सोसण्यावर करा. आज मी सगळं बोलणार आहे ते उष्णतेविषयी: ब्रेकमधली, टायरमधली, इंजिनातली आणि चालकाच्या अंगातली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरच्यांना समजावताना ती उपयोगी पडते. ट्रॅक डे ही शर्यत नसते. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांची सत्रं मिळतात, ओव्हरटेक कुठे करायचं ते सकाळच्या बैठकीत सांगतात, आणि पुढच्याने हात दाखवून वाट दिल्याशिवाय मागच्याने पुढे जायचं नसतं. समोरून ट्रक येत नाही, मधूनच म्हैस येत नाही, दुभाजक ओलांडून कुणी पळत नाही. ज्यांना वेग आवडतो त्यांनी तो एक्स्प्रेसवेवर किंवा ताम्हिणीच्या घाटात शोधू नये म्हणून तर ही जागा आहे. माझं हे मत फार ठाम आहे. रस्त्यावर तुमच्या हौसेची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो.

आपल्याला जायचं तर लांब जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, पूर्वीचं नाव मद्रास मोटर रेस ट्रॅक, लांबी 3.717 किमी. तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. हा क्लब 1953 चा आणि ट्रॅक बांधण्याआधी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, साधारण 2.1 किमीचा. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती उभी केली आणि आपल्याकडच्या एका पिढीला एकआसनी गाडी परवडू लागली. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, 5.125 किमी, हर्मन टिल्के यांनी आखलेला. तिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. पुण्याहून चेन्नई काय, कोइम्बतूर काय, अकराशे-बाराशे किलोमीटर धरून चाला. बहुतेक जण गाडी चालवतच नेतात. म्हणजे ज्या गाडीने दिवसभर ट्रॅकवर धावायचं, तिनेच तुम्हाला घरीही आणायचं आहे. हे लक्षात ठेवलं की तयारीचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता हिशेब करू. विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी वही काढायला हरकत नाही. पोर्शे केमन ही स्पोर्ट्स कार घ्या. चालक, शेजारी शिक्षक आणि थोडं पेट्रोल धरून दीड हजार किलो. सरळ पट्ट्यावर वेग ताशी 180 किमी, म्हणजे सेकंदाला 50 मीटर. पुढचं वळण ताशी 72 चं, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. एक छेद दोन एम व्ही वर्ग लावा. आधीची गतिज ऊर्जा 18 लाख 75 हजार ज्यूल, नंतरची 3 लाख. मधले पावणेसोळा लाख ज्यूल गेले कुठे? थोडे हवेच्या विरोधात गेले, थोडे टायरमध्ये, आणि उरलेले जवळजवळ सगळे ब्रेकच्या चार डिस्कमध्ये, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांमध्ये, उष्णता होऊन गेले. तेवढ्या उष्णतेत नळाचं पाच लिटर पाणी उकळीला येतं. घरच्या गॅसवर पाच लिटर पाण्याला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे ते काम सुमारे तीन सेकंदांत होतं, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण ब्रेक दाबला की वजन पुढे येतं. मिनिटाभरात पुढचं वळण, पुन्हा तेच.

रस्त्यावर ताशी 80 वरून थांबलात तर याच्या पावपटच ऊर्जा निघते, आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. रस्त्यावर वर्षानुवर्षं उत्तम चाललेले ब्रेक ट्रॅकवर दहा मिनिटांत हात टेकतात ते यामुळे. त्यात कुणी खोटा माल दिलेला नसतो. आपण त्यांच्याकडून वेगळंच काम मागत असतो.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि दोन्ही पायाला ओळखता आल्या पाहिजेत. पहिली तऱ्हा पॅडची, म्हणजे डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या गादीची. पॅड त्याच्या मर्यादेबाहेर तापला की त्याची पकड कमी होते. पेडल पायाखाली घट्टच लागतं, तुम्ही जोर लावता, गाडी मात्र थांबत नाही. दुसरी तऱ्हा ब्रेक ऑइलची. डिस्कची उष्णता पॅडमधून तो दाबणाऱ्या पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली जातं, कधी तळाला टेकतं. पहिल्या तऱ्हेत थोडी सूचना तरी मिळते. दुसरी अनेकदा एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंतच्या वेळात येते. असं झालं तर पेडल भराभर दोन-तीनदा मारून दाब उभा करायचा, गियर खाली आणायचे, आणि सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत, यायचं. पुढच्या फेरीत बघू, असं अजिबात म्हणायचं नाही.

ब्रेक ऑइल बदलणं ही सगळ्या तयारीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. डॉट 3, डॉट 4, डॉट 5.1 ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. म्हणून मानकात प्रत्येकाचे दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात, एक कोरड्या ऑइलचा आणि एक ओलावा शिरलेल्याचा. डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंशांना उकळतं, आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 155 वर येते. पाऊणशे अंश गेले! डॉट 5.1 चे आकडे 260 आणि 180. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. मुंबई-कोकणची दमट हवा बघता ट्रॅकवर जाणाऱ्याने प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी, आठवड्याभरात बदलावं. डबा सीलबंद हवा. गॅरेजच्या फळीवरचा अर्धा उघडा डबा कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी नको. आणि डॉट 5 हे नाव 5.1 सारखं दिसतं म्हणून फसू नका. ते सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं ऑइल आहे, तुमच्या एबीएसच्या गाडीत घालायचं नाही.

एअर काढण्याचं, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढण्याचं काम शेजारी उभं राहून पाहा. मी शिकणाऱ्या मुलांना हेच काम आधी देतो. एक जण सीटवर, एक जण चाकाशी. कॅलिपर म्हणजे चाकाजवळचा पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, त्याच्या ब्लीड निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवायचं. चाकाशी बसलेला म्हणतो, "दाब. धर." निपल पाव आटा सैल करतो, नळीतून ऑइल सरकतं, निपल आवळतो, मग म्हणतो, "सोड." हा क्रम चुकला आणि निपल सैल असताना पेडल सुटलं तर हवा उलटी आत जाते. जुनं ऑइल काळपट चहासारखं येतं, मधूनच मोहरीएवढा बुडबुडा सरकत जातो. मग एका क्षणी नळीत सीमा दिसते: इकडे काळं, तिकडे मधाच्या रंगाचं. तिथून पुढेही थोडं जाऊ द्यायचं. वरच्या टाकीतली पातळी या वेळात खाली जाऊ द्यायची नाही. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची तो क्रम गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, त्याप्रमाणे जावं.

पॅडचं सांगतो. रस्त्याचा पॅड थंडीत पहिल्या दाबाला पकडतो, आवाज करत नाही, काळा भुगा कमी टाकतो, पण फार ताप सोसत नाही. शुद्ध शर्यतीचा पॅड थंड असताना नीट पकडत नाही, आणि तुम्हाला तर पहाटे साताऱ्याजवळ कुत्रं आडवं आलं तरी थांबायचं आहे. म्हणून जे गाडी चालवत जाणार आहेत त्यांना मी मधल्या जातीचा पॅड सुचवतो, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी केलेला. तो निघण्याच्या आधी पुण्यातच बसवून, बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे बसवणीचे ब्रेक मारून, गार करून घ्यायचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे. ट्रॅकवर पोचून रात्री हॉटेलच्या आवारात नवे पॅड घालणारे लोक दर वेळी भेटतात आणि दुपारपर्यंत त्यांच्या स्टिअरिंगला थरथर सुरू झालेली असते. जुनेच पॅड ठेवणार असाल तर निम्म्याहून अधिक जाडी हवी. पॅड हा उष्णता आणि ऑइल यांच्यामधला अडसर आहे. तो झिजून पातळ झाला की ताप लवकर पिस्टनपर्यंत पोचतो.

टायरकडे येऊ. इथेही उष्णताच. टायर रस्त्यावर घासतो, शिवाय प्रत्येक वळणात त्याची बाजू वाकते आणि सरळ होते, त्यातून तो आतूनही तापतो. आतली हवा तापली की दाब वाढतो. समजा पिटमध्ये 30 अंश तापमानाला तुम्ही 32 पीएसआय भरलेत. आतली हवा 80 अंशांवर गेली. वातावरणाचा दाब मिळवून, केल्व्हिनमध्ये प्रमाण काढा: गेजवर 40 च्या आसपास आकडा येतो. त्या दाबाला टायर मधोमध फुगतो, कडा उचलल्या जातात, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि गाडी घसरू लागते. चालकाला वाटतं, टायर संपले. संपलेले नसतात. म्हणून ट्रॅकवर दाब गरम टायरवर मोजायचा. सत्र संपवून पिटमध्ये आलात की लगेच, पाच मिनिटांनी नव्हे. स्वतःचा चांगला गेज न्या, पेट्रोल पंपावरचा काटा आणि तुमचा काटा यांची गाठ क्वचितच पडते. थोडी हवा सोडा आणि कुठल्या चाकात किती होती, किती केली, ते वहीत लिहा. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डावे टायर अधिक तापतात, तेव्हा चारही चाकांना एकच आकडा चालत नाही. संध्याकाळी टायर गार झाले की दाब खूप उतरलेला असेल. घरी निघण्याआधी पुन्हा रस्त्याच्या आकड्याला हवा भरायची. हे अनेक जण विसरतात आणि कमी हवेवर हायवेला लागतात.

दाब बरोबर आहे का हे पाहायला खडू पुरतो. साधा शाळेचा पांढरा खडू. टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते, तिथे तीन ठिकाणी आडव्या रेघा मारा. सत्रानंतर पाहा. रेघ बाजूवरही बरीच पुसली गेली असेल तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. कडेवरची रेघसुद्धा तशीच असेल तर हवा जास्त आहे. हजारोंचं यंत्र घेण्याआधी हे करून पाहा.

टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून सात-आठ वर्षांचा कडक झालेला टायर ट्रॅकवर नेऊ नये. तसंच पंक्चरची दोरी घातलेला टायर नको. ती दोरी गावात चालते. ताशी 150 च्या वेगात, तापलेल्या टायरमध्ये तिच्यावर विसंबून राहायचं मी कुणालाच सांगणार नाही. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे. फोक्सवॅगन पोलोला 120 न्यूटन मीटर, तुमच्या गाडीला किती ते पुस्तकात पाहा. टायरवाल्याच्या हवेच्या गनने आवळलेले बोल्ट कधी दुप्पट घट्ट असतात, कधी चारांत एक सैल. पहिल्या सत्रानंतर, चाकं गार झाल्यावर, पुन्हा एकदा पाना लावा.

इंजिनाचं मी थोडक्यात उरकतो, कारण आजच्या गाड्यांचं इंजिन बहुधा चालकापेक्षा समजूतदार असतं. फार तापलं तर स्वतःच ताकद कमी करतं. तेल ताजं हवं, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं हवं, आणि पातळी वरच्या खुणेला हवी. लांब वळणात तेल सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, एका बाजूला चढतं, पातळी कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. खुणेच्या वर भरणं मात्र वाईटच. कूलंटची टोपी जुनी असेल तर बदला. कूलंट दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही, तो दाब ही टोपी राखते.

पण एक गोष्ट या प्रकरणात तपशिलाने सांगण्यासारखी आहे. केमनचं इंजिन मध्यभागी, सीटच्या मागे असतं, पण रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. बंपरच्या तोंडातून हवा आत जाते आणि तिच्याबरोबर रस्त्यावरचं सगळं आत जातं. एका गृहस्थांची गाडी ट्रॅकवर सतत तापत होती. पंखे पाहिले, पंप पाहिला, सेन्सर बदलून झाला. आमच्याकडे आल्यावर बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत पावसाळ्यात कुजून घट्ट बसलेला पाल्याचा थर होता, त्यात प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, किडे, वाळू. दोन्ही बाजूंनी मिळून बादलीभर कचरा निघाला. मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने धुतला. पुढच्या ट्रॅक डेला तापमानाचा काटा जागचा हलला नाही. नवा मोठा रेडिएटर मागवायचा बेत चालला होता! बाकी काही करू नका, पण निघण्याआधी बॅटरी लावून रेडिएटरच्या पुढे काय अडकलंय ते पाहा. पोलोलाही पाहा, व्हर्टसलाही पाहा.

गाडी आतून रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पाने, पाण्याच्या बाटल्या, मोबाइलचा स्टँड, चालकाच्या पायाखालची मॅट, सगळं बाहेर. सुटलेली बाटली घरंगळून ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल ते सांगायची गरज नाही. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती बहुधा दुहेरी टेपने चिकटवलेली असते, आणि तो टेप चेन्नईच्या उन्हात सैल होतो. नमस्कार करून मूर्ती काढा, रुमालात गुंडाळून पिटमधल्या बॅगेत ठेवा. गाडी ओढायचा हुक डिकीतून काढून आधीच बसवून ठेवा. तुम्ही मातीत अडकलात तर मदतीला आलेल्यांना तो शोधत बसायला लागू नये.

आता चालक. माणसाचं शरीरही उष्णतेचं यंत्रच आहे आणि त्याला रेडिएटरची टोपी नसते. बहुतेक ठिकाणी खिडक्या उघड्या ठेवायला लावतात, एसी आपणच बंद करतो, डोक्यात हेल्मेट, बाहेर तेहतीस-चौतीस अंश आणि दमट हवा. तिसऱ्या सत्रापर्यंत तहान लागल्याचं जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. आदल्या दिवसापासून पाणी प्या, दर सत्रानंतर ओआरएस घ्या. सकाळी इडली खा, दुपारी थाळीभर जेवू नका. आणि झोप. बाराशे किलोमीटर चालवून रात्री दोनला पोचायचं आणि सातच्या बैठकीला बसायचं, हे करणाऱ्याला मी पहिल्या सत्रात गाडीत बसू देत नाही. एक दिवस आधी पोचा.

हेल्मेट मोटारसायकलचं चालेल का, हा हमखास प्रश्न. आयएसआय खुणेचं पूर्ण हेल्मेट काही आयोजक चालवून घेतात, आधी विचारा. पण मोटारीसाठीचं हेल्मेट वेगळ्या कसोट्यांतून गेलेलं असतं. स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था, तिचा एसए दर्जा घेतलात तर आतलं अस्तर आगीला तोंड देणारं असतं आणि रोल बारवर, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी नळीवर, डोकं आपटण्याचा विचार त्यात केलेला असतो. एम दर्जा मोटारसायकलचा, त्यात आगीची चाचणी नाही. पुन्हा पुन्हा जाणार असाल तर एक्झॉस्टच्या पैशात एसए हेल्मेट येतं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळाचे. जाड तळाच्या बुटातून पेडल काय सांगतंय ते पायाला कळत नाही.

सीट आपल्याकडे लोक फार मागे घेतात. कंबर पूर्ण मागे टेकवा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, कारण आणीबाणीत तुम्हाला त्याहून अधिक जोर लावायचा आहे. पाठ न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हात घड्याळाच्या नऊ आणि तीनवर. आधी दोन दिवस याच बसण्याने ऑफिसला जा, म्हणजे ट्रॅकवर अवघडल्यासारखं होणार नाही.

पायाच्या सवयीबद्दल थोडं थांबून बोलतो. आपण शहरात ब्रेक लांबून, हलकेच, बराच वेळ धरतो. ट्रॅकवर हे उलटं करावं लागतं. गाडी सरळ असताना एकदम ठाम दाब, आणि वळणाच्या तोंडाशी येताना हळूहळू पाय उचलत जायचा. वेग तेवढाच कमी होतो, म्हणजे उष्णताही जवळपास तेवढीच निघते, मग फरक काय? हलका ब्रेक लांबवर धरलात की पॅड डिस्कला चिकटूनच राहतो आणि डिस्कला वारा खायला वेळच मिळत नाही. ठाम आणि थोडक्यात मारलात की दोन वळणांच्या मध्ये डिस्कला मोकळी हवा मिळते. नवख्याचे ब्रेक अनुभवी माणसाच्या आधी तापतात, तेही कमी वेगात, ते याचमुळे.

दुसरी सवय जिवावर बेतणारी आहे. वेगात वळणात शिरलो, भीती वाटली, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. वजन मागच्या चाकांवरून पुढे जातं, मागच्या टायरची पकड सुटते, गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं. पोर्शे 911 मध्ये इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे, ते वजन एकदा फिरायला लागलं की आवरणं कठीण. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या पोलोतही हे होतं. चेन्नईच्या ट्रॅकवर सरळ पट्ट्यानंतरचं पहिलं उजवं वळण वेगाचं आहे, तिथे हे पुन्हा पुन्हा पाहायला मिळतं. उपाय भीती वाटण्याआधीचा आहे: वळणात शिरतानाच इतका वेग कमी ठेवा की आत गेल्यावर पाय उचलावासा वाटणार नाही. आत गेल्यावर पाय स्थिर, नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे. माणूस जिथे बघतो तिथे गाडी जाते. भिंतीकडे बघू नका.

हे शिकायला लगेच केमन लागत नाही. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. आधी दोन-चार दिवस कुठेही कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवा. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे वजन कुठून कुठे गेलं ते थेट कंबरेला कळतं.

झेंडे पाठ हवेत. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल: सत्र थांबलं, हळू पिटमध्ये या. निळा: मागून वेगवान गाडी आलीय. पिवळ्यावर तांबडे पट्टे: रस्त्यावर तेल किंवा पाणी. पहिल्या फेरीत वळणं पाहू नका, झेंडे दाखवणाऱ्या मार्शलच्या चौक्या कुठे आहेत ते पाहा. ही माणसं तुमच्यासाठी दिवसभर उन्हात उभी असतात. शेवटच्या फेरीत त्यांना हात करून आभार माना.

पहिलं सत्र असं करा. एक फेरी सावकाश, टायर आणि ब्रेक तापू द्या. मग तीन-चार फेऱ्या सत्तर टक्के जोराने. मग एक फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वारा खात, आणि पिटमध्ये. तिथे हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कला एकाच जागी पॅड दाबून ठेवले तर त्या जागी पॅडचा माल चिकटतो. चाकाखाली ठोकळा लावा, आणि इंजिन बंद केल्यावर गियरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. इंजिन लगेच बंद मात्र करू नका. टर्बो असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या, बोनेट उघडा. आणि आपलंही बोनेट उघडा, म्हणजे हेल्मेट काढा, सावलीत बसा, पाणी प्या.

थकव्याची खूण अशी: पहिल्या सत्रात जिथे ब्रेक मारत होता तिथेच मारता, पण वळणाचा आतला बिंदू चुकायला लागतो. एकदा चुकला तर चालेल. एकाच सत्रात तीनदा चुकला की पिटमध्ये या, सत्राची दहा मिनिटं उरली असली तरी. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात दिवसाच्या शेवटच्या सत्रातले आहेत, जेव्हा माणूस तापलेला असतो आणि पैसे वसूल करायचे असतात.

पैशावरून आठवलं. विम्याचा कागद जाण्याआधी वाचा. आपल्या मोटार विम्यात वापराच्या मर्यादेत संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी ही कामं वगळलेली असतात. ट्रॅक डे शर्यत नसला तरी कंपनी त्याच कलमावर बोट ठेवू शकते. म्हणून माझा नियम: जी गाडी भिंतीला लागली तर स्वतःच्या खिशातून दुरुस्त करता येणार नाही, ती पहिल्या ट्रॅक डेला नेऊ नका. भावाची तर नकोच.

परतीची तयारी त्याच संध्याकाळी सुरू होते, पण निघायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. दिवसभर ताशी 150 पाहिलेल्या डोळ्यांना हायवेवर ताशी 110 म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि तो भ्रम रात्रभर झोपल्याशिवाय जात नाही. सकाळी गाडी गार असताना पेडल दाबून पाहा. कालच्यापेक्षा खोल जात असेल तर एअर काढल्याशिवाय निघायचं नाही. पॅडची जाडी बॅटरी लावून बघा, आतल्या बाजूचा पॅडही बघा, बहुधा तोच आधी झिजतो. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, तारा किंवा फोड लागतोय का. तेलाची पातळी, बोल्टचा टॉर्क, टायरमध्ये रस्त्याची हवा. मॅट, स्टेपनी, जॅक परत जागेवर, ओढायचा हुक काढून डिकीत. मग बंगळुरूच्या दिशेने निघा, आणि पहिल्या टोलनाक्यावर थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथला कॅलिपर अडकतोय. बंगळुरूत गॅरेज मिळेल, तुमकूरच्या पुढे शोधावं लागेल.

आता प्रश्न विचारा. ब्रेकचे आधी घेऊ.